वजा सुंदरम्मा

बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी पाऊल टाकलं आणि सगळी मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. मी दोन्ही हातांनी 'बसा, बसा' करत मधल्या वाटेनं गेले आणि शेवटून दुसऱ्या बाकावर, श्रावणी नावाच्या मुलीशेजारी बसले. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरली, तिला भूगोलाच्या पुस्तकात 'वादळाच्या केंद्रभागी आढळणारी शांतता' असं म्हटलेलं आहे. हे मला तेव्हाच माहीत होतं. तो धडा मी आदल्या आठवड्यात वाचून काढला होता. वर्गात तो डिसेंबरात शिकवणार होते.

पुढचं वाचून ठेवण्याचं हे खूळ माझ्या लेकीनं, दानेश्वरीनं, डोक्यात घातलं. ती पुण्याला नोकरी करते आणि मला फोनवरून वाढवते. "आई, सर काय शिकवणार ते आधीच वाचून जात जा. म्हणजे उठवून विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायची पाळी येणार नाही." तिनं माझं दुखणं बरोबर ओळखलं होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यावर हात टेकून बाकावरून उठायचं, अठरा वर्षांच्या पोरांनी माना वळवून बघायचं, आणि आपण 'माहीत नाही' म्हणून परत खाली बसायचं, हे चित्र मला स्वयंपाक करतानासुद्धा दिसायचं. घरात मी पंचवीस वर्षं सगळं माहीत असलेली बाई म्हणून नांदले आहे. गॅसचं पुस्तक कुठं आहे, कुणाच्या बारशाला कुणी काय दिलं, मोठ्या पातेल्याचं झाकण कुणाकडं राहिलंय, सगळं मलाच विचारतात. हा मान वर्गात घालवायचा नव्हता.

म्हणून मी एक धडा पुढं राहायचं ठरवलं. पण मला एक खोड आहे. पापड लाटायला घेतले की पीठ संपेपर्यंत मला उठवत नाही. आणि पुस्तकं लिहिणारेही काही कमी नसतात. प्रत्येक धड्याच्या शेवटी, 'याचा विचार आपण पुढील प्रकरणात करू.' आता पृथ्वीच्या पोटात काय आहे ते अर्धवट सांगून असं लिहिल्यावर माणसानं भांडी घासायला जायचं कसं? पहिल्या तीन आठवड्यांत मी पहिल्या सत्राचं पुस्तक संपवलं आणि सात रस्त्याजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दुसऱ्या सत्राचं आणलं.

त्यात चौऱ्याण्णवाव्या पानावर ती पेटी होती.

चार उंच पायांवर उभी, पांढरी, लाकडी, चारी बाजूंनी झडपांच्या भिंती. हवामानाची उपकरणं ठेवायची पेटी. पेटीच्या आतलं चित्र पंच्याण्णवाव्या पानावर असायला हवं होतं, पण ते कुणीतरी कात्रीनं सुबक कापून नेलं होतं. आणि नेमकी तशीच पेटी आमच्या कॉलेजच्या गच्चीवर होती. माझ्या बाकावरून खिडकीतून दिसायची. तिला कुलूप होतं. आता यावर मी अभ्यास काय करणार, सांगा.

मी ऑफिसात गेले. तिथले कारकून गंगाधर भाऊसाहेब सज्जन माणूस. मला बघितल्यावर खुर्ची देतात, पाणी देतात, आणि मग नाही म्हणतात.

"ताई, ती पेटी दुसऱ्या सत्रात आहे."

"मला नुसतं आत बघायचंय हो."

"बघणं दुसऱ्या सत्रात आहे."

"अर्ज केला तर?"

"करा की. विभागप्रमुखांची सही आणा फक्त."

विभागप्रमुख मे महिन्यातच निवृत्त झाले होते. हे भाऊसाहेबांनाही माहीत होतं. त्यांच्या निरोपाच्या हाराची पिशवी अजून भाऊसाहेबांच्याच कपाटावर होती. "मग जागा भरली की या," असं म्हणून त्यांनी मला आणखी पाणी दिलं.

राहिले आमचे वरद सर. वय एकोणतीस. त्यांची नेमणूक तासांवर, आणि त्या तासांमध्ये मी. विचारात पडले की सर कान खाजवतात. माझ्या पुढच्या वाचनाचा त्यांना थोडा त्रासच व्हायचा. "आता हा वारा डोंगराला अडला तर काय होईल?" असं त्यांनी वर्गाला रंगात येऊन विचारावं आणि मी मागून पान नंबरसकट सांगावं. "काकू, ते आपण नोव्हेंबरात बघू," असं ते फार हळू म्हणायचे.

पेटीचं ऐकून त्यांनी बराच वेळ कान खाजवला. "किल्ली माझ्याकडंच आहे. पण नुसतं बघायला नाही देणार. त्या पेटीतले आकडे रोज सकाळी बरोबर साडेआठला लिहायचे असतात. आत्तापर्यंत सोळा जणांना किल्ली दिली. सगळ्यांत जास्त टिकला तो नऊ दिवस. बाकीच्यांनी घरात बसून आकडे लिहिले."

"मी टिकीन."

"मग असं करा. घरी पर्जन्यमापक बसवा. साठ दिवस, रोज साडेआठला, पाऊस किती मिलिमीटर पडला ते लिहा. एकही आकडा अंदाजे नको. साठाव्या दिवशी वही वर्गात वाचून दाखवायची. जमलं तर किल्ली वर्षभर तुमची."

पर्जन्यमापक हे वजनदार नाव सोडलं तर तो एक डबा असतो आणि त्याच्या तोंडात नरसाळं. पाऊस नरसाळ्यातून आत पडतो, साचतो, आपण पट्टीनं मोजायचा. डब्याचं आणि नरसाळ्याचं तोंड सारखं असलं की झालं. तो धडाही दुसऱ्या सत्रातलाच होता. मला तो पाठ होता.

आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नसलेली, अकरा बिऱ्हाडांची. गच्चीवर काही ठेवायचं तर सेक्रेटरी सिद्धलिंगप्पांची परवानगी लागते. त्यांचा भुसार मालाचा धंदा आहे आणि इमारतीचे सगळे ठराव तोंडपाठ आहेत.

"वहिनी, गच्चीवर देवाचं काय बी बांधायचं न्हाय, असा ठराव हाय आपला."

"देवाचं नाही हो. अभ्यासक्रमाचं आहे."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "भांडं कशाचं?"

"तांब्याचं. गंजत नाही."

"उघड्यावरच?"

"वरून पाणी पडायला हवं ना."

"आणि रोज तुमी स्वतः येणार?"

"रोज. अंघोळ करून, बरोबर साडेआठला. साठ दिवस."

सिद्धलिंगप्पांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. "अभ्यासक्रम," ते म्हणाले. "हौदु, हौदु." कानडीत 'हो, हो' म्हणाले की ते खूश असतात असं समजायचं. "मग ठरावात बसतंय. पण टाकीजवळ नको वहिनी. चांगल्या जागी ठेवा."

मला त्यांचा अभिमान वाटला. भुसारवाला माणूस, पण विज्ञानाची कदर आहे म्हटलं.

आमचे हे, मल्लेश, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. बोलतात कमी. एखादी गोष्ट मनापासून पटली की ते सिमेंट आणतात. रविवारी ते अर्धं पोतं सिमेंट आणि गुंडा गवंड्याला घेऊन आले. पुस्तकात चौकोनी चौथरा होता. गुंडानं गोल केला. "चौकोनाचे कोपरे फुटतात की, काकू." चौथऱ्यावर पडलेलं पाणी वाहून जायला त्यानं एक पन्हाळी काढली, उत्तरेकडं.

"उत्तरेलाच का रे?"

"उत्तरेलाच असतंय."

गच्चीचा उतार तिकडं असेल, असं मी धरून चाललं. काम झाल्यावर गुंडानं चौथऱ्याला हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. गवंडी लोक संडासाच्या पायरीलाही नारळ फोडतात, त्यामुळं मी काही बोलले नाही. वर सासूबाईंच्या वेळचं सरळसोट तांब्याचं भांडं बसवलं, त्यात नरसाळं. पायाची माती उडून आत जाऊ नये म्हणून पुठ्ठ्यावर पाटी लिहिली: 'चप्पल काढून यावे. कोणीही हात लावू नये.'

आणि माझी वही सुरू झाली. रोज सव्वाआठला अंघोळ, ओल्या केसांना पंचा, हातात वही आणि पट्टी, अनवाणी तीन जिने. नरसाळं उचलायचं, वाकायचं, बघायचं, लिहायचं. पहिले चार दिवस शून्य. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सुंदरम्मा दारात तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी पार थकलेल्या.

"काय लिवतीस गं रोज वहीत?"

"शून्य, सुंदरम्मा."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हात जोडले. "शून्यच की. शेवटी सगळं शून्यच. एवढ्या लवकर उमगलं तुला."

पाचव्या दिवशी, सोमवारी, मी नरसाळं उचललं आणि आत पाणी. बावीस मिलिमीटर. पट्टी पुसून पुन्हा बुडवली, तरी बावीसच. गच्ची कोरडी, शेजारची गच्ची कोरडी, वर्तमानपत्रात 'जिल्ह्यात पावसाची ओढ'. आणि माझ्या भांड्यात बावीस. खाली येऊन ह्यांना विचारलं, "पहाटे पाऊस पडला का हो?"

"पडला असंल की," हे म्हणाले आणि पोह्यात मान घातली.

पुढच्या सोमवारी पंचेचाळीस. त्याच्या पुढच्या सोमवारी सहासष्ट. चौथ्या सोमवारी अठ्ठ्याऐंशी. मधले दिवस एखादी सर सोडली तर सगळे कोरडे. मी वेडी व्हायची राहिले. पावसाला वार कळतो, एवढंच नाही तर बावीसचा पाढाही येतो, असं दिसत होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी जे दिसेल ते लिहीत गेले. 'नरसाळ्यात बेलपान १. वाऱ्याने आले असावे.' 'पाण्यात पांढरट गाळ. कुठे बांधकाम चालू आहे का, बघणे.' 'तांदळाचे दाणे ७. चिमण्या.'

आता तुम्ही हसाल. मी लिंगायताच्या घरात जन्मले, लिंगायताच्या घरात आले, सोलापुरात वाढले. सोमवार, बेलपान, पांढरी भुकटी आणि अक्षता, एवढं सगळं पुढ्यात असताना मी चिमण्यांवर संशय घेत होते. पण माणूस एकदा पुस्तकाच्या चार धडे पुढं गेला की त्याला मागचं काही दिसत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

मी आणखी पुढं वाचत सुटले. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक आणलं. त्यात सापडलं की जमीन तापली की वाफ वर जाते, थंड होते आणि तिथल्या तिथं पाऊस होऊन पडते. वाफ. मी गच्चीवर उभी राहून विचार केला, आमच्या गच्चीवर वाफ येणार कुठून? आणि तारेवरच्या चिमट्यांकडं बघताना डोक्यात लख्ख उजेड पडला. चादरी. रविवारी अकरा बिऱ्हाडं चादरी धुतात. सोलापुरी चादर एकदा भिजली की दोन माणसांनी पिळावी लागते. एकेक चादर लहानसं तळंच असते. अशी तीस-चाळीस तळी रविवारी दुपारी गच्चीवर वाळतात. ती वाफ वर जाणार, पहाटे गार होणार आणि सोमवारी खाली येणार. दुसरं होणार तरी काय?

मी वर्गात उभी राहिले, गुडघ्यावर हात न टेकता, आणि हा सिद्धांत मांडला.

"म्हणजे काकूंच्या गच्चीला वेगळा मान्सून आहे," श्रावणी म्हणाली. सगळा वर्ग हसला. ती चांगली मुलगी आहे, पण जीभ ताब्यात नाही.

सर हसले नाहीत. वही त्यांनी पुढून मागून चाळली. "चार सोमवार सलग आहेत. नोंद आहे म्हटल्यावर हसून चालत नाही, कारण शोधायला पाहिजे. काकू, एक रविवार चादरी धुऊ नका. तरी पाऊस पडला तर चादरी निर्दोष."

सांगणं सोपं असतं. अकरा घरांतल्या बायकांना रविवारी चादरी धुऊ नका म्हणून सांगणं म्हणजे काय, हे सरांना लग्न झाल्यावर कळेल. पण नवल असं झालं की, आधी सुंदरम्मांना सांगितलं, तर मी बाकीच्यांपुढं तोंड उघडायच्या आत त्याच माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "बरोबर हाय महेश्वरीचं. सोमवारच्या आदल्या दिवशी गच्ची मोकळीच पायजे. परकर वाळत घालायची जागा हाय का ती?" सिद्धलिंगप्पांनी तर गच्ची धुऊन घेतली. माझ्या शब्दाला एवढं वजन आलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. विद्येचा परिणाम, असं मनात म्हटलं आणि दानेश्वरीला फोन करून सांगितलं.

त्या सोमवारी एकशे अकरा मिलिमीटर पाऊस पडला.

चादरी निर्दोष सुटल्या. मी मात्र अडकले. पाच सोमवार, पाच आकडे, आणि त्यांचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. साठाव्या दिवशी हे वर्गात मोठ्यानं वाचायचं होतं. कारण काय, असं कुणी विचारलं तर? खिडकीतून पेटी दिसायची आणि आता मी तिकडं बघायचं टाळायचे.

"पुढच्या सोमवारी मी येतो," सर म्हणाले. "पहाटे पावणेसहाला."

आले. मी त्यांना पाण्याच्या टाकीमागं बसवलं आणि चहा दिला. चहा तांब्याच्या पेल्यातून, कारण कपाचा आवाज होतो. सिद्धलिंगप्पांच्या थोरल्या लेकीच्या लग्नात सगळ्या इमारतीला तसा एकेक पेला मिळालेला आहे. माझ्याकडं तो एरवी पेन्सिली ठेवायला असतो. आम्ही दोघं आभाळाकडं बघत बसलो. एक ढग नव्हता.

सहा वाजता जिन्यात आवाज आला. एक पायरी, मग थांबणं, मग "शिवा, शिवा", मग दुसरी पायरी. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी सुंदरम्मा गच्चीच्या दारात आल्या. उंबऱ्यावर बसल्या, दम खाल्ला, उठल्या, अनवाणी चौथऱ्यापाशी आल्या. हातात तांब्याचा पेला होता. त्यांनी तो नरसाळ्यात हळूहळू, धार तुटू न देता रिता केला. वर बेलाचं पान ठेवलं, चिमूटभर विभूती सोडली. मग वाकून, शेजारणीशी बोलावं तसं, त्या भांड्याशी बोलल्या. "माझ्या संगमेशचा महिना झाला फोन न्हाय. कामात असंल. मी काय म्हणत न्हाय. पण एकदा लावायला सांग."

टाकीमागं सरांनी कान खाजवायला उचललेला हात तसाच राहिला होता.

त्यांच्यामागून सिद्धलिंगप्पा आले, पेला घेऊन. मग पहिल्या मजल्यावरच्या दोघी जावा, पेले घेऊन. मग तळमजल्याचे पेन्शनर. अक्षता हेच टाकत होते. आणि सगळ्यात शेवटी, ओल्या अंगावर पंचा, हातात पेला, डोळे अर्धे मिटलेले, आमचे हे.

मी टाकीमागून उठले. "अहो."

हे दचकले नाहीत. आधी पेला रिता केला, मग म्हणाले, "तू उठलीस व्हय?"

"तुम्हीसुद्धा?"

"म्हणजे काय? चौथरा मीच बांधून घेतला की."

"पाऊस मोजायला."

"ते झालंच की. पण ठराव होता ना, गच्चीवर देव नको म्हणून. तू अभ्यासक्रम म्हणालीस. मला वाटलं, काय डोकं चालवलंय."

सिद्धलिंगप्पा समाधानानं म्हणाले, "मी तवाच वळखलं होतं, वहिनी. ठराव मोडला न्हाय आणि काम बी झालं."

आणि मग मी माझा पर्जन्यमापक पहिल्यांदा पाहिला. गोल चौथरा, उत्तरेकडं पन्हाळी, वर तांबं, चप्पल काढायची पाटी, आणि अंघोळ करून ओलेत्या केसांनी रोज ठरल्या वेळेला येणारी, वाकणारी, वहीत काहीतरी लिहिणारी बाई. मी लोकांच्या जागी असते तर मी नारळ फोडला असता.

एवढ्यात सर शिंकले.

"कोण हाय तिकडं?" सुंदरम्मांनी विचारलं.

"माझे सर आहेत, सुंदरम्मा. मला शिकवतात."

"गुरू व्हय," असं म्हणून त्या खाली वाकायला लागल्या. सर मागं सरकले ते टाकीला डोकं आपटूनच थांबले. सुंदरम्मांनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

आता मला सांगायला हवं होतं. सगळ्यांनी हे बंद करायचं, माझी नोंद बिघडते, माझी किल्ली जाते. तोंडापर्यंत आलं होतं.

"सुंदरम्मा," मी म्हटलं, "हे पावसाचं भांडं आहे. पाऊस मोजायचं. यात देव नाही."

"पावसाचं व्हय?" त्या जराही बिचकल्या नाहीत. "मग काय झालं? ते बी वरनंच येतंय की. आगं, तीन वर्षं झाली, गुडघ्यांनी सिद्धेश्वराच्या देवळात जाणं न्हाय. रिक्षा दारात येती, पण रिक्षात बसायला पाय वर उचलत न्हाय. हे एवढा एक जिना वर चढून आलं की होतंय. तुझं काय बिघडत असंल तर सांग, मी बंद करते."

बंद करते म्हणताना त्यांनी पेला पदराखाली घेतला.

माझं काय बिघडत होतं? चाळीस दिवसांची वही. पेटीच्या आतलं चित्र. मी त्यांच्याकडं बघितलं, भांड्याकडं बघितलं, आणि पट्टी बाहेर काढली.

"पाणी किती घालता?"

"एक पेला."

"काठोकाठ?"

"काठोकाठ."

"दर वेळेला तेवढंच?"

"तर. देवाला काय अंदाजे घालायचं असतंय?"

सरांनी कानावरचा हात काढला.

त्या दिवशी मी कामाला लागले. भांडं रिकामं करून एक पेला ओतला, पट्टी लावली. बावीस मिलिमीटर. म्हणजे पावसाला पाढा येत नव्हता. सिद्धलिंगप्पांनी सगळ्यांना एकाच मापाचे पेले वाटले होते, एवढंच. एखादा मिलिमीटर इकडं-तिकडं व्हायचा तो कुणाचा हात हलल्यामुळं. वहीत मी एक नवा रकाना आखला. त्याला नाव काय द्यावं कळेना. 'मानवनिर्मित घट' असं लिहून बघितलं, खोडलं. शेवटी सरळ लिहिलं: 'वजा सुंदरम्मा'. बाकीच्यांना मी सांगितलं, तुमचे गुडघे चांगले आहेत, तुम्ही देवळात जा. सिद्धलिंगप्पा जरा हिरमुसले. ह्यांनी तोंड फिरवलं, पण ऐकलं.

सातव्या सोमवारी पहाटे खरंच पाऊस पडला, पेला ओतायच्या आधी. भांड्यात एकतीस. वजा सुंदरम्मा बावीस. पाऊस नऊ. त्या नऊ मिलिमीटरांचा मला जेवढा आनंद झाला तेवढा एकशे अकराचा झाला नव्हता.

पण आधीचे पाच सोमवार राहिले. मी शून्य लिहू शकत होते. शून्यच असणार, नव्वद टक्के. पण एखाद्या पहाटे थेंबभर पडला असेल तर? एक मिलिमीटर, दोन? त्या पेल्यांच्या गर्दीत तो हरवला होता, आणि अंदाजे लिहायचं नव्हतं. मी वही पुढ्यात घेतली. मग त्या पाच ओळींवर रेघ मारली आणि जे खरं होतं ते लिहिलं.

साठावा दिवस रविवार निघाला, तरी सरांनी जादा तास ठेवला आणि मी वर्गात उभी राहिले. या वेळी गुडघ्यावर हात टेकूनच उठले. दिवस पहिला, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य. चौथा, शून्य. पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. सगळ्या माना वळलेल्या होत्या, अगदी मी स्वयंपाक करताना बघायचे तशाच.

"दिवस पाचवा, सोमवार," मी वाचलं. "माहीत नाही."

कुणी हसलं नाही. मी पुढं वाचत गेले. बारावा दिवस, माहीत नाही. एकोणिसावा, माहीत नाही. चौथ्यांदा म्हणताना ते सोपं गेलं. पाचव्यांदा तर मी मानही वर केली. पुढं चाळिसाव्या, सत्तेचाळिसाव्या दिवशी आणि नंतर 'वजा सुंदरम्मा' आलं, तेव्हा श्रावणीनं हळूच विचारलं, "काकू, सुंदरम्मा कोण?" मग मला ती सगळी हकिगत सांगावी लागली, चादरींसकट. तेव्हा मात्र वर्ग हसला. मीही हसले.

सर टेबलाशी उभे होते. "सोळा जणांनी मला वह्या दिल्या," ते म्हणाले. "एकाही वहीत 'माहीत नाही' नव्हतं. त्यावरूनच कळायचं, घरी बसून लिहिलीय." आणि त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या वहीवर ठेवली. साधीच होती, गोदरेजच्या कपाटाची असते तशी.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सव्वाआठला मी श्रावणीला घेऊन कॉलेजच्या गच्चीवर गेले. जाताना ऑफिसात गंगाधर भाऊसाहेब दिसले, त्यांना किल्ली दाखवली. त्यांनी मला पाणी दिलं.

कुलूप उघडायला वेळ लागला. आत, मी सांगते तुम्हाला, फारसं काही नव्हतं. शेजारी-शेजारी दोन तापमापक टांगलेले. एक साधा. दुसऱ्याच्या बुडाला चिंधी गुंडाळलेली, चिंधीचं टोक खालच्या वाटीत सोडलेलं. चिंधी कडक झाली होती. वाटीत धूळ. दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवत होते. या वाटीत रोज पाणी घालावं लागतं, तेव्हाच चिंधी ओली राहते आणि हवेतला ओलावा कळतो, हे मला माहीत होतं. कुणी घातलं नव्हतं, एवढंच.

मी पिशवीतून पेला काढला, पेन्सिली श्रावणीच्या हातात दिल्या, बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं. वाटी पुसली. मग हळूहळू, धार तुटू न देता, काठोकाठ भरली. चिंधी खालून वर भिजत गेली. आम्ही दोघी बघत राहिलो. थोड्या वेळानं ओल्या चिंधीच्या तापमापकातला पारा खाली उतरायला लागला.

"काकू," श्रावणी म्हणाली, "तुम्ही चप्पल कधी काढलीत?"

मी खाली बघितलं. चपला गच्चीच्या दाराबाहेर होत्या, जोडीनं, भिंतीला लावून ठेवलेल्या.

"का काढली?"

"ते पुढच्या सत्रात आहे," मी म्हणाले, आणि आकडा लिहून घेतला.